काठीकाकांचा कळप

सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या दुकानासमोर गाड्या यायला लागतात, तेव्हा काठीकाका त्यांना हात दाखवून थांबवत नाहीत. ते जरा बाजूला उभे राहतात, काठी आडवी धरतात आणि तोंडाने 'हाऽ, हाऽ' असा बारीक आवाज काढतात. काचा बंद असतात, आत गाणी चालू असतात, तो आवाज कुणाला ऐकू जाणं शक्यच नाही. तरी गाड्या वळतात. मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं निमूटपणे काकांनी मनात ठरवलेल्या जागी जाऊन उभी राहतात आणि वर त्यांनाच 'काका, बरंय ना?' असं विचारतात.

काठीकाका म्हणजे आमच्या व्यापारी संकुलाचं पार्किंग सांभाळणारे गृहस्थ. सत्तरीच्या पुढचे, अंगाने वाळलेले, अंगावर मॅनेजरने दिलेलं पिवळं जाकीट आणि हातात ती काठी. मी तिथल्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. यंत्राच्या चाकावर पाणी ठिबकत असतं, काचेचा पांढरा चिखल बोटांवर साचतो, आणि काच फ्रेमच्या मापाची झाली की नाही हे डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी कळतं. पुढे काउंटरवर गिऱ्हाईक नवा चष्मा लावतं, मालक म्हणतात, 'आता लांबचं बघा,' आणि गिऱ्हाईक दारातून बाहेर बघतं. लांब बघण्यासारखे तिथे काठीकाकाच असतात. गेल्या सात वर्षांत निम्म्या वस्तीने आपला चष्मा काकांच्या काठीवर तपासून घेतलेला आहे.

पार्किंग लहान आणि गाड्या फार, म्हणून लोक गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली काकांकडे देऊन जातात. काकांनी आयुष्यात एकदाही इंजिन सुरू केलेलं नाही. ते खिडकीतून एक हात स्टिअरिंगला लावतात, दुसरा तळवा गाडीच्या अंगावर ठेवतात आणि 'चल गं, सरक पलीकडं' म्हणून तिला ढकलतात. किल्ल्या त्यांच्या केबिनमधल्या एका फळीवर खिळ्यांना टांगलेल्या असतात. आकडे नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. मॅनेजरने एकदा नंबर लावायचा आग्रह धरला. काकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि काहीच केलं नाही. ही त्यांची नेहमीची पद्धत आहे.

त्या खिळ्यांचा क्रम मला कळतो, कारण मी इथलीच आहे. संकुल उभं आहे ते गायरान होतं, आणि काठीकाका आमच्या गावाचे गुराखी होते. सकाळी ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून हाक द्यायचे. दावी सुटायची, दारादारातून गुरं बाहेर पडायची, आणि दीड-एकशे जनावरांचा तो ओघ गायरानाकडे लागायचा. संध्याकाळी धूळ दिसली की आम्ही पोरं दारात येऊन बसायचो. कळप गल्लीत शिरला की एकेक जनावर आपणहून फुटून आपल्या दाराला लागायचं. आमची कबरी गाय दाराशी यायची, उंबऱ्याशी नाक फुरफुरवायची, आणि काका माझ्या आईला मागूनच ओरडून सांगायचे, 'वहिनी, मिळाली का?' आई 'मिळाली' म्हणेपर्यंत ते पुढे सरकत नसत. किल्ल्या त्याच क्रमाने टांगलेल्या आहेत, संध्याकाळी ज्याचं दार आधी लागायचं त्याची किल्ली आधी. जी घरं आता नाहीत त्यांच्या जागी आलेल्या इमारतींनाही त्यांनी तोच मान दिला आहे.

माणसांना ते नावाने कधीच ओळखत नसत. मी त्यांच्यासाठी कबरीच्या घरची. आमच्या शेजारचे, पुढे मोठे बिल्डर झालेले गृहस्थ त्यांच्यासाठी अजूनही मारक्या खोंडाच्या घरचे आहेत. ही ओळख किती अचूक आहे हे ज्यांनी त्यांच्याकडून फ्लॅट घेतले त्यांना विचारावं.

गाव कसं गेलं, असं लोक विचारतात. गाव गेलं नाही, ते वळलं. आधी शेतांमधून चुन्याच्या पांढऱ्या रेघा आल्या. मग रेघांवर खांब आले, खांबांवर पाट्या आल्या. ज्यांनी जमीन विकली त्यांनी पहिली खरेदी गाडीची केली, कारण जमीन विकून घेतलेलं नवं घर इतकं लांब होतं की गाडीशिवाय तिथे पोचताच येईना. मग गाड्यांसाठी रस्ते रुंद झाले, रस्ते रुंद झाले म्हणून दुकानं लांब गेली, आणि दुकानं लांब गेली म्हणून दुसरी गाडी आली. एक दिवस माझ्या लक्षात आलं की आपण मीठ आणायलासुद्धा गाडीचा पट्टा बांधून जातो.

महामार्ग आला तो नेमका गाव आणि खालचं माळरान यांच्या मधून. भराव टाकायचं काम सुरू झालं त्या आठवड्यात काकांचा कळप जाऊन त्या भरावावर उभा राहिला. दोन दिवस यंत्रं बंद. इंजिनियर हात जोडून म्हणाला, 'बाबा, आंदोलन करायचं तर कचेरीवर करा.' काका म्हणाले, 'आंदोलन कसलं? मी आणली नाहीत त्यांना. ती रोजच्या वाटेनं आली, तुम्ही मधे आलात.' त्या इंजिनियरच्या घरीही कधीकाळी जनावरं असावीत, कारण त्याने नकाशात नसलेला एक बोगदा रस्त्याखालून काढून दिला. गुरांपुरता. रस्ता पुरा व्हायला तीन वर्षं लागली, आणि तोवर कळपात तीस गुरं उरली होती. मग अकरा. मग पाच.

शेवटचं वर्षभर काका एकाच गायीच्या मागे चालत. बांधकामांच्या ढिगांमधून, सळयांच्या भाऱ्यांमधून ती म्हातारी गाय पुढे आणि काका मागे, सकाळी त्याच वेळेला, संध्याकाळी त्याच वेळेला. मी कॉलेजच्या बसमधून त्यांना बघायची. धुळीत त्या दोघांभोवती बाकीचा कळपही चालतो आहे असं मला कितीदा वाटलं आहे, आणि बस वळली की खिडकीत नुसते खांब दिसायचे. मग ती गायही विकली गेली. गायरानावर डांबर पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका सवयीने तिथे येऊन उभे राहिले, तर समोर सात-आठ गाड्या वाटेल तशा तोंडं करून लागलेल्या. त्यांना ते बघवेना. त्यांनी त्या सारख्या करायला घेतल्या. पिवळं जाकीट सहा महिन्यांनी आलं.

इतकं सगळं त्यांच्याबद्दल लिहिते आहे, कारण एका संध्याकाळी मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की त्यांच्या हातून ती काठी हिसकावून घ्यावी असं वाटलं.

त्याआधी तीन महिने मी नवऱ्याचं घर सोडलं होतं. ते बंगल्याचं घर आमच्याच विकलेल्या मक्याच्या शेतावर बांधलेलं. मी माहेरच्या जमिनीवर सून म्हणून राहायला गेले, असं आई गमतीने म्हणायची. त्या घरात रात्री पडल्या पडल्या मला मक्याची पानं वाजल्याचं ऐकू यायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, 'एसी आहे तो.' तो मारायचा नाही, ओरडायचाही नाही. तो फक्त मी कुठे आहे हे दर तासाला विचारायचा आणि उत्तर पटलं नाही की आठ-आठ दिवस बोलणं बंद करायचा. अकरा वर्षं मी उत्तरं दिली. मग एका सकाळी दोन बॅगा गाडीत टाकल्या आणि महामार्गाच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी एक खोली भाड्याने घेतली. कुणाला सांगितलं नाही. आई भावाकडे दुसऱ्या गावी असते. तिला फोनवर म्हणायची, 'हे दौऱ्यावर आहेत.' इतका दौरा कुठल्या मंत्र्यानेही केला नसेल.

गाडी त्याच्या नावावर होती, वापरायची मी. त्या दिवशी सहाला दुकान आवरून बाहेर आले तर तिची जागा रिकामी.

'काका, माझी गाडी?'

'गेली की घरी,' काका खुशीत म्हणाले. 'दुपारी साहेब आले होते. किल्ली दिली.'

'अहो, मला न विचारता?'

'घरच्या माणसाला द्यायला काय विचारायचं ताई? इतक्या वर्षांत असंच केलं. बाप आला, लेक आली, सून आली, घरचं कुणीही आलं की दावं हातात द्यायचं. एक जनावर चुकीच्या दाराला गेलं नाही कधी.'

काय सांगणार? तेवढ्यात फोन वाजला. नवरा अगदी मऊ आवाजात म्हणाला, 'गाडीशिवाय किती दिवस राहतेस ते बघू. चार दिवसांत परत येशील. न येऊन जाणार कुठे, चालत?'

आणि त्याचं बरोबर होतं, हेच मला खुपलं. दुकानातून माझी खोली दिसते. गच्चीवर गेलं की टाकी दिसते, टाकीशेजारची माझी खिडकी दिसते. पण रस्त्याने जायचं तर आधी उलट्या दिशेला जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो, नऊ किलोमीटर. बस नाही. टॅक्सी मागवली, ती त्याच यू-टर्नच्या रांगेत अडकली आणि रद्द झाली. फुटपाथ नावाची गोष्ट इथे कुणी बांधलीच नाही. महामार्गाच्या कडेने पायी चालणारं माणूस दिसलं की गाड्या हळू होतात, काहीतरी अपघात झाला असणार म्हणून. नोकरीवर पोचता आलं नाही तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर खोली जाणार, आणि मग मी त्या मक्याच्या शेतावर परत.

'कुठं जायचंय ताई?' काकांनी विचारलं.

'टाकीपाशी. मैत्रिणीकडे राहते सध्या.' आणि कुणी न विचारता पुढे जोडलं, 'घरी रंगकाम चालू आहे.'

काकांनी माझ्याकडे बघितलं. 'टाकी म्हणजे खालचं माळरान. वीस-पंचवीस मिनिटं. मी त्याच वाटेनं जातो घरी. चला.'

मोटारींच्या शोरूमची मागची भिंत आणि शाळेचं कुंपण यांच्या मधे दोन गायी शेजारी शेजारी चालतील एवढी फट आहे. सात वर्षं मी तिच्यासमोरून रोज गेले आणि ती कधी दिसली नाही. शोरूम आणि शाळा, दोघांच्याही नकाशांत ती दुसऱ्याची आहे, म्हणून कुणी बुजवली नाही. फटीत शिरल्याबरोबर काकांचं 'ताई, तुम्ही' गळून पडलं.

'पुढं हो पोरी. मी मागून सांगतो.'

'काका, वाट तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पुढे चला ना.'

'पुढं चाललं तर मागं काय राहिलं ते कळत नाही. चाल तू, पाय आपोआप वळतात.'

मी चालले. वस्ती मागून बघायची मला कधी वेळच आली नव्हती. पुढून सगळी घरं एकमेकांची नक्कल वाटतात. मागून प्रत्येकाचं निराळं होतं. कुणाची स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यात पालथी घातलेली भांडी. कुणाची वाळत घातलेली चादर, तिच्या पलीकडे गुणगुणणारी बाई. उन्हं उतरलेली, गवत गुडघ्यापर्यंत, आणि एसीच्या पेट्यांमधून गरम वारा असा अंगावर येत होता जसा पूर्वी गुरं जवळून गेली की यायचा. मागे काकांची काठी टक्‌टक् करत होती. मला वाटलं, वळून बघितलं तर सगळा कळप दिसेल. म्हणून बघितलंच नाही.

बोगद्यात गार होतं. डोक्यावरून महामार्ग वाहत होता, पण तो सगळा गोंगाट खाली येईपर्यंत मधमाश्यांच्या गुणगुणीएवढा झाला होता. पायाखाली सिमेंटमध्ये खड्डे होते, लहान-मोठे, शेकडो. मी ठेचकाळले.

'सावकाश. ओलं होतं तेव्हाच नेली होती गुरं,' काका म्हणाले. 'इंजिनियर बोंबलत राहिला.' त्यांनी काठीचं टोक एका खुणेत ठेवलं. 'ही तुमची कबरी. पुढचा डावा खूर फाकलेला.'

मला रडू आलं. गाडीसाठी नाही. मी किती लांब राहायला गेले होते आणि किती जवळ होते, त्याचं रडू. काका मागून काठी टेकत येत राहिले. पलीकडच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी टाकीकडे काठी दाखवली आणि मी माझ्या दारात शिरेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

पुढचे चार दिवस मी तशीच गेले आले. सकाळी एकटी, संध्याकाळी पुढे मी आणि मागे काका. काका रोज विचारायचे, 'रंगकाम झालं का?' मी म्हणायची, 'अजून दोन खोल्या राहिल्यात.' मालकांनी माझ्या बुटांचा चिखल बघितला आणि एक पायपुसणं आणून ठेवलं. नवऱ्याचा फोन रोज यायचा. मी उचलत नव्हते. रात्री झोप लागायची, आणि मक्याची पानं वाजायची बंद झाली होती.

पाचव्या दिवशी साडेपाचला तो स्वतः दुकानात आला. नेहमीसारखी किल्ली काकांकडे देऊन. काउंटरवर एक बाई नवा चष्मा लावून बाहेर बघत होत्या, त्यांच्यासमोरच तो म्हणाला, 'चल, झाले चार दिवस. बस गाडीत.'

'मी चालत जाते.'

'कुठून?' त्याला खरोखरच कळत नव्हतं. 'अगं, रस्ता कुठे आहे?'

मी उत्तर दिलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, आणि आभाळ कोसळलं नाही. चष्मावाल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, 'आता स्पष्ट दिसतंय हो.'

तो तडक बाहेर गेला. मी हात पुसत मागे. काका केबिनच्या दारात उभे होते, आणि किल्ली खिळ्यावर नव्हती, त्यांच्या मुठीत होती. नवऱ्याने हात पुढे केला. काकांनी तो बघितला, पण बोलले ते माझ्याशी. भर पार्किंगमध्ये, पन्नास गाड्यांच्या मधे, पहिल्यांदाच 'ताई' सोडून.

'पोरी, घर फुटलं का?'

बोटांवरचा पांढरा चिखल मी पुसतच राहिले.

'पूर्वी घर फुटलं, भाऊ-भाऊ वेगळे झाले, की आधी मला येऊन सांगायचे. सोयऱ्यांना, पंचांना मागून. संध्याकाळी जनावर कुणाच्या दाराला सोडायचं ते मला कळायला नको? न सांगता राहिलं की ते बिचारं दोन दारांच्या मधे उभं राहून हंबरतं. मी पाच दिवस तुझ्या मागून चालतोय, तू सांगशील म्हणून. त्या दिवशी मी चुकीच्या हातात किल्ली दिली का? तेवढं सांग. माझ्या हातून कधी चूक झालेली नाही.'

मला एकदम कळलं की ह्या माणसाला पाच रात्री झोप नसेल. नवरा म्हणाला, 'काका, हा आमच्या घरातला प्रश्न आहे, तुम्ही किल्ली द्या.' मॅनेजर कुठूनसा धावत आला. दोन गाड्या मागे हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या.

'चूक तुमची नाही काका,' मी म्हणाले. 'मी सांगायला हवं होतं. घर फुटलं. गाडी त्यांची आहे, त्यांना द्या. मी टाकीपाशी राहते. मैत्रीण नाही, रंगकाम नाही. एकटी राहते.'

काकांनी डोळे मिटले आणि उघडले. मग किल्ली दोन्ही हातांनी नवऱ्याच्या हातावर ठेवली, रीतसर, आणि गाडीला वाट मिळावी म्हणून मागच्या दोघींना 'हाऽ' करून बाजूला केलं. नवरा बराच वेळ गाडीत बसून होता. मी कुठून जाते ते त्याला बघायचं असावं. मी फटीत शिरले तेव्हा तो भिंतीपर्यंत गाडी घेऊन आला. इंजिनाचा आवाज थोडा वेळ माझ्या मागे होता, मग मागेच राहिला.

त्या संध्याकाळी काका माझ्यामागून आले नाहीत. 'आता काय, तुझं दार कळलं मला,' एवढंच म्हणाले आणि गाड्यांकडे वळले.

खोलीवर पोचून मी आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. दौरा, खोली, गाडी, सगळं. ती रडेल, भावाला हाक मारेल, लोक काय म्हणतील ते विचारेल, अशी माझी तयारी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, 'गुराख्याला सांगितलंस का?'

'हो आई. आत्ताच सांगितलं.'

'मग झालं,' आई म्हणाली.